दहा म्हणेपर्यंत

“परत म्हणा, आण्णा. आणि ते ‘मग काय झालं’ काढून टाका. त्यात दोन आकडे जातात.”

आरोग्य उपकेंद्राच्या व्हरांड्यात एक नर्सबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी होती. समोर बाकावर घोंगडं पांघरलेला एक म्हातारा डोळे मिटून घडाघडा म्हणत होता, “म्हाळू झोरे. वय बासष्ट. डावा पाय, अंगठा. जखम सा म्हयन्याची. साखर हाय. पू थांबलाय, पर काळं पडाय लागलंय. ताप न्हाई.”

“नऊ,” बाई म्हणाली. “बसलं बघा आता.”

म्हातारा खूश झाला. त्याच्या शेजारी बसलेल्या चार-पाच जणांचेही ओठ हलत होते. पदर तोंडाशी धरलेली एक बाई बोटांची पेरं मोजत स्वतःशीच पुटपुटत होती. मी फाटकाशी मोजणीयंत्राची पेटी हातात घेऊन उभा होतो आणि मनात म्हणत होतो, वा, चौकशीचा माणूस यायच्या आत साक्षीदार पढवून तयार.

याला आता आठ वर्षं झाली. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो आणि गावोगाव नेलेल्या इंटरनेटच्या लाइनी मोजत फिरत होतो. जमिनीखालून काच-तार टाकायची एका कंत्राटदार कंपनीने, ती ठरलेल्या क्षमतेची आहे का ते मोजून दाखला द्यायचा आमच्या खात्याने. खात्यात हे काम करणारे आम्ही तिघे होतो. त्यातला एक आजारी, दुसरा कायम मीटिंगला. म्हणजे मीच. जीपच्या मागच्या सीटवर उशी ठेवून फिरायचो, कारण कंबर धरायची. गावाची नावं मला आठवत नसत, चहा कुठे गोड होता आणि कुठे पांचट, तेवढं आठवायचं.

हुंबरेवाडीचं काम मात्र नुसत्या मोजणीचं नव्हतं. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाचा कागद माझ्या खिशात होता. त्या उपकेंद्रात संगणक आणि कॅमेरा बसवला होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक, कोल्हापूरचे डॉक्टर पडद्यावरून गावच्या पेशंटना तपासत. कागद म्हणत होता की सात महिन्यांत या केंद्रातून चौदाशे बारा कॉल झाले, प्रत्येक कॉल सरासरी बारा सेकंदांचा, आणि प्रत्येक कॉल केंद्राच्या बाजूने बंद केला गेला. बारा सेकंदांत कोणता डॉक्टर तपासतो? सबब, आकडा फुगवण्यासाठी खोटे कॉल नोंदवल्याबद्दल श्रीमती इंदुमती बेनाडीकर, कंत्राटी परिचारिका, यांची सेवा का संपवू नये. लाइन सदोष असल्याचं त्यांचं म्हणणं आहे, तरी तांत्रिक अभिप्राय द्यावा. याआधी कंपनीचे आणि जिल्ह्याचे मिळून चार जण येऊन लाइन चांगली असल्याचं लिहून गेले होते. माझा अभिप्राय अखेरचा धरला जाणार होता.

बाई लबाड आहे, असं मी गाडीतच ठरवून टाकलं होतं. खोटं कशाला सांगू, त्यामुळे बरंही वाटलं होतं. दुपारपर्यंत काम उरकेल आणि परतीच्या वाटेवर झोप काढता येईल, एवढाच त्यात माझा स्वार्थ.

“नेर्लेकर सर ना?” बाई पायऱ्या उतरून पुढे आल्या. पंचेचाळिशीच्या असतील. पांढऱ्या साडीला इस्त्री, डोळ्यांखाली काळं. “मी बेनाडीकर. वाटेत फार थांबावं लागलं का?”

“पुलावर,” मी म्हणालो. नदीवरचा पूल एकपदरी, उसाच्या ट्रॉल्या समोरून येत होत्या. वीस मिनिटं आम्ही नुसते बसून होतो. “हे बाहेर काय चाललंय?”

“तयारी चाललीय, सर.”

“कसली?”

“आज मंगळवार की,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, विषय टाळला.

आतल्या खोलीत लोखंडी कपाट, लशींचा फ्रिज, टेबलावर संगणक आणि भिंतीवर तारेची पांढरी पेटी. मी यंत्र जोडलं. माझा ड्रायव्हर सर्जेराव दारातल्या स्टुलावर बसला. तो माझ्याबरोबर इतक्या गावांत फिरला होता की एकटा पाठवला असता तरी त्याने मोजणी करून आणली असती.

“याच्यानं काय कळतं, सर?” बाईंनी विचारलं. आधीच्या चौघांनी त्यांना सांगितलं नसावं.

“आत्ता आम्ही त्या पुलावरून आलो ना, तसंच आहे,” मी म्हणालो. हे मी शंभरदा सांगितलेलं होतं, तोंडातून आपोआप यायचं. “समजा, दोन ट्रॉल्या कारखान्यातून एकीला एक चिकटून सुटल्या. वाटेत अरुंद पूल लागला. पहिली पार होईपर्यंत दुसरीला थांबावं लागतं. पुढे रस्ता कितीही रुंद असू दे, दोघींमधलं ते अंतर तसंच राहतं. मी इथून माहितीची दोन पॅकेटं चिकटून सोडतो. पलीकडे ती किती अंतराने पोचली ते बघतो. त्यावरून वाटेतला सगळ्यात अरुंद पूल किती रुंद आहे ते कळतं. मग खात्रीसाठी पूर्ण लाइन भरून टाकतो आणि काय वेगाने वाहतंय ते मोजतो.”

“किती वेळ भरता?”

“दहा सेकंद. तीन वेळा. मध्ये पाच-पाच मिनिटं सोडून.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग सर्जेरावकडे.

पहिली मोजणी चौऱ्याण्णव. ठरलेला वेग शंभर मेगाबिट, त्यात पाच-सहा इकडेतिकडे चालतात. पाच मिनिटं थांबायची असतात तेव्हा आम्ही चहा घेतो. तशी पद्धतच पडून गेली होती. चहा आला. दुसरी मोजणी चौऱ्याण्णव. परत पाच मिनिटं. तिसरीही चौऱ्याण्णव. इतकी चांगली लाइन मी त्या महिन्यात बघितली नव्हती.

“लाइन उत्तम आहे,” मी म्हणालो.

“सगळ्यांचं तेच येतं, सर.”

“मग तुमचं काय म्हणणं आहे?”

“माझं म्हणणं चारदा लिहून दिलंय. आता पाचव्यांदा काय लिहू?” आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. “तुमचं यंत्र खोटं बोलतंय असं मी म्हणत नाही. पण लाइन चालत नाही.”

मला राग आला. कंबर दुखत होती, उपाशी होतो, आणि आपल्या आकड्यावर कुणी शंका घेतली की माझं डोकं फिरायचं. “बाई, बाहेर माणसं पढवून बसवलीत ती मी स्वतः बघितली. ‘परत म्हणा’ म्हणत होतात. कशासाठी? माझ्यापुढे बोलायला?”

मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणता येणार नाही.

“पढवलंय हे खरं आहे,” त्या म्हणाल्या. “अकरा वाजले. तुम्ही बसा. नुसतं बघा.”

त्यांनी दारातून हाक मारली. म्हाळू झोरे लंगडत आत आला, खुर्चीत बसला, डाव्या पायाचं फडकं सोडलं आणि पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला. कॅमेरा आधीच पायाच्या दिशेने वळवलेला होता. अंगठा बघून मी नजर बाजूला घेतली.

“तयार, आण्णा?”

“हं.”

बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर एक तरुण डॉक्टर दिसला, आरशात दिसावा इतका स्वच्छ. तो “नमस्कार” म्हणायच्या आत म्हाळूने सुरुवात केली. नाव, वय, पाय, अंगठा, साखर, काळं. बाई बोटांवर मोजत होत्या. नवव्या बोटाला म्हाळू थांबला, दहाव्याला त्यांनी कॉल बंद केला.

“अहो!” मी म्हणालो.

“थांबा.” त्यांनी घड्याळ बघितलं. म्हाळू पंख्याकडे बघत बसला होता, त्याला सवय असावी. दीड मिनिटाने त्यांनी परत बटण दाबलं.

“सिस्टर, तुम्ही फोन का कट—” डॉक्टर म्हणाला.

“नवीन आहात का सर? दहा सेकंदच मिळतात. काय द्यायचं ते सांगा. लवकर.”

“अं... ड्रेसिंग रोज. गोळी तीच, पण रात्रीची दुप्पट. आणि मला तो अंगठा खालून बघायचा—”

दहा. बंद. परत दीड मिनिट. म्हाळूने पाय उचलून तळवा वर केला आणि तयारीत धरून ठेवला. बटण, दहा बोटं, बंद. चौथ्या वेळी डॉक्टर शिकला होता. “शुक्रवारपर्यंत काळं वाढलं तर इकडे आणा, नाही तर नको, पुढचा,” असं तो एका दमात म्हणाला आणि त्याने स्वतःच हात हलवला.

“एका पेशंटला चार नाही तर पाच कॉल होतात,” बाई म्हणाल्या. “आधी लोकांना बोलायला येत नव्हतं. पहिले दहा सेकंद ‘रामराम डॉक्टरसाहेब, कसं हाय’ यातच जायचे. म्हणून बाहेर बसवून पाठ करून घेते.”

“आणि दहाच्या पुढे गेलं तर?”

“चित्र गोठतं. आवाज जातो. मग कितीही वेळ धरून बसा, काही येत नाही. बंद करून दीड मिनिट गप्प बसलं की परत दहा मिळतात. एक मिनिटाने लावून बघितलं, नाही मिळत. दीडच लागतं.” मग जरा संकोचून म्हणाल्या, “मी करून करून बघितलंय सर. मला त्यातलं काही कळत नाही.”

एकतीस वर्षं मी हेच काम केलं होतं. माझ्याकडे परदेशी यंत्र होतं, पदवी होती. आणि हुंबरेवाडीची लाइन खरोखर कुणी मोजली असेल तर ती या बाईने, मनगटावरच्या घड्याळावर.

पण मला घाम फुटला तो त्यामुळे नाही. दहा. हा आकडा माझा होता.

त्याच्या चार वर्षं आधी मोजणीचे नियम ठरवायची बैठक झाली होती. लाइन पूर्ण भरून मोजायची तर तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला ती वापरता येत नाही. एक जण म्हणत होता, तीन मिनिटं मोजा. मी म्हणालो, गावात दवाखाना असेल, शाळा असेल, तीन मिनिटं त्यांना का अडवायचं? दहा सेकंद पुरे. सगळ्यांना पटलं. हे कारण खरं होतं. दहा सेकंदांच्या हिशेबाने दिवसाला तीन गावं उरकतात, हेही कारण खरं होतं. कागदावर पहिलं गेलं. दोन मोजण्यांमध्ये पाच मिनिटं सोडावीत हीही सूचना माझीच, यंत्र निवांत व्हावं म्हणून. परिपत्रक माझ्या सहीने निघालं आणि कंत्राटदाराला प्रत गेली.

कुणीतरी ते फार लक्ष देऊन वाचलं होतं.

“सिस्टर,” मी म्हणालो. त्यांना सिस्टर मी त्या क्षणापासून म्हणायला लागलो. “मला तीन मिनिटं लाइन हवी. सलग. तेवढा वेळ तुमचे कॉल बंद राहतील.”

“तीन मिनिटांचं काय, दोन पेशंट थांबतील. घ्या.”

यंत्रातली दहाची मर्यादा मी काढली. सर्जेराव उठून माझ्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. बाहेरची माणसंही दारात जमली. पडद्यावर दर सेकंदाला एक आकडा उमटायला लागला. चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. म्हाळू मोठ्याने मोजत होता. त्याने दहा म्हटलं, अकरा म्हटलं. बाराव्या सेकंदाला आकडा पडला, शून्य पूर्णांक दोन. मग तोच. एकशे अडुसष्ट वेळा तोच.

“बंद पडलं काय वो?” म्हाळूने विचारलं.

“बंद नाही पडलं,” मी म्हणालो. “बंद केलंय.”

पूल रुंदच होता. मी पुलाची रुंदी अगदी बरोबर मोजली होती. पुलावर कुणीतरी एक माणूस बसवला होता, आणि तो पहिली दहा सेकंद वाट मोकळी सोडून मग आडवी काठी टाकत होता, एवढंच मी मोजलं नव्हतं.

फोनसाठी उपकेंद्रामागच्या पाण्याच्या टाकीवर चढावं लागे, रेंज तिथेच यायची. वीस लोखंडी पायऱ्या. मी गुडघा धरत चढलो आणि आमच्या देशमाने साहेबांना फोन लावला. ते माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण हुशार आणि थंड डोक्याचे. मी सगळं सांगितलं.

“वरच्या मुख्य लाइनीत सगळ्यांना पुरेल एवढं नसणार,” शेवटी ते म्हणाले. “म्हणून प्रत्येकाचा नळ आवळून ठेवलाय.”

“प्रत्येकाचा, साहेब. एकट्या हुंबरेवाडीचा नाही. तोच कंत्राटदार, तीच पेटी.”

“किती गावं?”

“सहाशे चौदा दाखले दिलेत.”

“तू दिलेत.”

टाकीवरून उसाचे फड दिसत होते, निम्मे तोडलेले.

“नेर्लेकर, ऐक. आज हे बाहेर काढलंस तर सहाशे चौदा दाखले रद्द. पहिला प्रश्न येईल, दहा सेकंदांचा नियम कुणी केला. तुला दोन वर्षं राहिलीत. चौकशी लागली की ती दहा वर्षं चालते, तुला माहीत आहे. मी कंपनीला फोन करतो. हुंबरेवाडीचं अर्ध्या तासात नीट होईल. तू लिही, स्थानिक स्वरूपाचा बिघाड आढळला, दूर केला, परिचारिकेचं म्हणणं रास्त होतं. बाई सुटते. आणखी काय हवं?”

“आणि बाकीची गावं?”

“ते मी बघतो.”

मी ‘बरं’ म्हणालो. भांडलो नाही. खूप वर्षं स्वतःला सांगत आलो की उन्हाचा चढलो होतो, दमलो होतो. दमलो होतोच. पण दमलेला माणूसही नाही म्हणू शकतो. मला ते म्हणायचं नव्हतं.

मी खाली उतरून सिस्टरांना म्हणालो, “नीट करतायत.” बावीस मिनिटांत झालं. कुणी गाडी घेऊन आलं नाही, कुणी पेटीला हात लावला नाही. लांब कुठेतरी कुणीतरी चार बटणं दाबली असतील. मी परत तीन मिनिटं मोजली. चौऱ्याण्णव, शेवटपर्यंत.

सिस्टरांनी म्हाळूलाच परत बसवलं. म्हणाल्या, “आण्णा, आता घाई नाही. सावकाश सांगा. आता वेळ आहे.”

डॉक्टर पडद्यावर आला. म्हाळूने डोळे मिटले आणि नऊ सेकंदांत सगळं म्हणून टाकलं. मग थांबला. चित्र गेलं नाही. डॉक्टर म्हणाला, “बोला आजोबा, आणखी काय होतंय?” म्हाळूने घाबरून सिस्टरांकडे बघितलं. त्याच्यापाशी पुढचं काही तयारच नव्हतं. सिस्टरांनी मान हलवली, तेव्हा तो हळूच म्हणाला, “रातचं पाय जळतोय. झोप लागत न्हाई. सून म्हनती वरडू नगा.” आणि मग जो सुरू झाला, तो जखमेवरून झोपेवर, झोपेवरून सुनेवर आणि सुनेवरून मेंढरांवर गेला. अकरा मिनिटं. डॉक्टर बिचारा ऐकत होता. पाय रात्री जळतो हे कोणत्याच डॉक्टरला सहा महिन्यांत कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते दहात बसत नव्हतं. त्याने गोळी बदलली.

सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं. मनगटावर पट्ट्याचा पांढरा वळ होता.

मी तिथेच अभिप्राय लिहिला, देशमान्यांनी सांगितलं होतं तसा. सिस्टरांनी तो दोनदा वाचला. “म्हणणे रास्त होते” यावर त्यांचं बोट थांबलं. अकरा वर्षं त्या कंत्राटावर होत्या आणि कायम करायच्या लोकांची यादी त्याच वर्षी लागणार होती, हे मला सर्जेरावने सांगितलं. त्याने चहावाल्याकडून काढलं होतं. त्या रडल्या वगैरे नाहीत. कागद घडी करून कपाटात ठेवला आणि किल्ली दोनदा फिरवली.

निघताना त्या जीपपर्यंत आल्या.

“सर, एक विचारू? तुमचं यंत्र तीन मिनिटं मोजू शकतं. मग सगळे दहाच का मोजतात? हे कुणी ठरवलं?”

“वरून आलंय,” मी म्हणालो.

“मग बाकीच्या गावांतही असंच असेल की.”

“बघतो,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं, हे मला दिसलं. पुलावर आम्हाला परत थांबावं लागलं. सर्जेरावने गाडी बंद केली आणि पुढे बघतच म्हणाला, “सायब, ते बिघाड लिवलंसा नव्हं तुमी. त्यो बिघाड न्हवता.” मी झोपल्याचं सोंग घेतलं. एरवी मी गाडीत सहज झोपायचो, त्या दिवशी मात्र सोंगच घ्यावं लागलं.

नंतर दोन वर्षं मी दाखले देत राहिलो. दहा सेकंद, पाच मिनिटांचा चहा, दहा सेकंद. एकदोनदा देशमान्यांकडे विषय काढला. ते म्हणाले, चाललंय. तिसऱ्यांदा काढला नाही. गावात पोचलो की व्हरांड्यात कोण बसलंय तिकडे मी बघत नसे. मला माझीच लाज वाटायची आणि लाजेचीही सवय होते. निरोप समारंभात शाल मिळाली. देशमाने भाषणात म्हणाले की मोजणीची सुटसुटीत पद्धत ही नेर्लेकरांची देणगी आहे.

मागच्या दिवाळीनंतर एका मंगळवारी दुपारी फोन आला.

“सर, मी बेनाडीकर. हुंबरेवाडीची. ओळखलंत का?”

मी ओळखलं. म्हाळू झोऱ्याचा पाय वाचला का, हे आधी विचारलं. पाय राहिला, अंगठा गेला, म्हणाल्या. पण मेंढरामागं जातोय अजून. त्या कायम झाल्या होत्या आणि आता त्यांची बदली झाली होती, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका केंद्रावर.

“आज इथला पहिला मंगळवार,” त्या म्हणाल्या. “लाइन लावली. चित्र असं स्वच्छ आलं. आणि अकराव्याला गोठलं. म्हटलं चला, यांनाही शिकवावं लागणार. घड्याळ घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले.”

पुढचं त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“तर त्यांना येत होतं, सर. सगळ्यांना. एक म्हातारी मला म्हणाली, बाई, तुमी नव्या हायसा, भिऊ नगा, धा म्हनंपत्तुर समदं सांगून हुतंय.”

माझ्या हातात फोन होता आणि समोर पेपर उघडा पडला होता.

“तुम्ही बघतो म्हणाला होता, म्हणून फोन केला,” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. “तुमच्या मागं काही राहून गेलं असेल. आता तुम्ही रिटायर झालात, तुम्हाला त्रास देत नाही. मीच अर्ज करते. फक्त तो नियम कुणाच्या सहीचा आहे तेवढं सांगा. कुणाचं नाव घालायचं तेच मला कळत नाही.”

मी म्हणालो, “लिहून घ्या.”

आणि म्हाळू बोलायचा तसा, एका दमात बोलून गेलो. शरच्चंद्र विनायक नेर्लेकर, उपविभागीय अभियंता, परिपत्रकाचा क्रमांक, तारीख, आणि हुंबरेवाडीतला बिघाड हा बिघाड नव्हता हेही.

पलीकडे काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, फोन बंद झाला. मग कागद सरकल्याचा आवाज आला, पेनाचं टोपण काढल्याचा आला.

“सावकाश सांगा, सर,” त्या म्हणाल्या. “आता वेळ आहे.”

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.